रामटेकेबाईंची वीस पाकिटं

रामटेकेबाईंनी आमच्या कंपनीचं एकही नाटक शेवटपर्यंत पाहिलं नाही. चार सीझन त्या आमच्याबरोबर गावोगाव फिरल्या. पहिला अंक सुरू झाला की मंडपाच्या मागच्या बल्लीला टेकून उभ्या राहायच्या, खुर्चीवरचे किती आणि सतरंजीवरचे किती ते एका लहानशा वहीत टिपायच्या, आणि गाडीत जाऊन झोपायच्या. आमचा नायक तिसऱ्या अंकात रोज मरायचा. बायाबापड्या पदर डोळ्यांना लावायच्या. पण तो मरतो हे बाईंना दुसऱ्या सीझनला कळलं, तेही त्याच्या रक्ताच्या रंगाचं बिल हातात आलं तेव्हा.

"हा रोज मरते का?" त्यांनी मला विचारलं.

"रोजच."

"मंग वर्साचा रंग एकदमच घ्या ना. सुटा काऊन घेता?"

मी त्या कंपनीत ऑर्गन वाजवायचो, अजूनही वाजवतो. कलावंतानं हिशेबाच्या भानगडीत पडू नये असं माझं ठाम मत होतं. खरं सांगायचं तर हिशेब मला येत नव्हता, आणि जे येत नाही त्याला तुच्छ मानणं सोपं असतं. त्यामुळे सुरुवातीला या बाईंचा मला मनस्वी राग यायचा, हे आधीच कबूल करून टाकतो.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, धान कापून झाला, दिवाळी झाली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि तिथपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. गावातलं मंडळ आधी बयाना देऊन कंपनीची तारीख धरतं, मंडप टाकतं, तिकिटं विकतं आणि नाटक झालं की उरलेली रक्कम देतं. कलावंताला एका नाटकाचे जे पैसे मिळतात त्याला आम्ही 'नाईट' म्हणतो. धंदा म्हणाल तर एवढाच. आमची कंपनी आरमोरीची. मालक वसंतभाऊ मनानं राजा माणूस. दसऱ्याला ऑफिस उघडलं की गावांच्या बयान्यांनी गल्ला भरायचा आणि वसंतभाऊंना स्वर्ग दोन बोटं उरायचा. नवे पडदे, चौकाचौकात फ्लेक्स, मुंबईची पाहुणी नटी, सगळं दिवाळीआधीच ठरून जायचं. जानेवारी उजाडला की त्याच वसंतभाऊंचा चेहरा उतरायचा. नाईट मागायला गेलं की ते खांद्यावर हात टाकायचे, चहा पाजायचे आणि आईची तब्येत विचारायचे. आम्ही चहा पिऊन परत यायचो.

प्रकाश आमचा खलनायक. रंगमंचावर त्याची डरकाळी ऐकून पोरं आईच्या मांडीत शिरायची. हा चाळिशीचा गडी एका दुपारी ऑफिसात आला तो मावशीच्या मागे, मान खाली घालून. मावशी म्हणजेच रामटेकेबाई. सावली गावच्या एका लहान पतसंस्थेतून कॅशियर म्हणून नुकत्याच रिटायर झालेल्या. फिक्या निळ्या रंगाचं लुगडं, काखेत छत्री, चष्म्याला दोरी.

"माह्या भाश्याचे सात नाईट बाकी आहेत. कवा देता?"

"बाई, कंपनी नफ्यात आहे," वसंतभाऊ हसून म्हणाले. "तुमचा पैसा कुठी जात नाई."

"नफ्यात आहे तं द्या ना मंग."

वसंतभाऊंना ते लागलं. त्यांनी कपाटातली तीन रजिस्टरं काढून टेबलावर आपटली. "पाहून घ्या! खोटं बोलत असन तं सांगा!"

दुसरी कोणी असती तर वरमली असती. बाईंनी छत्री कोपऱ्यात उभी केली आणि बसल्या. संध्याकाळच्या गाडीनं सावलीला गेल्या, सकाळी डबा घेऊन पुन्हा हजर. दोन दिवस त्या रजिस्टरं वाचत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "भाऊ, तुमी खोटं नाई बोलले. कंपनी नफ्यात आहे. अन् पुढच्या नाई तं त्याच्या पुढच्या संक्रांतीले बंद पडन."

"नफ्यातली कंपनी बंद कशी पडन, बाई?"

"दसऱ्याले जो पैसा येते तो तुमचा नाई, भाऊ. नाटक झाल्याशिवाय तो गावचा पैसा आहे. तुमी गावचा पैसा पडद्याले लावता, अन् नाटक झाल्यावर कलावंताले म्हन्ता, थांब. पैसा येते, हे खरं आहे. पन जवा पायजे तवा येत नाई. नफा वहीत रायते. चूल तं आजच्या पैशानं पेटते."

"मंग तुमीच बसा इथी!" वसंतभाऊ चिडून म्हणाले. लोक रागाच्या भरात असं बोलतातच. पण सोमवारी पहिल्या गाडीनं बाई आल्या आणि बसल्या. वसंतभाऊ शब्दाचे पक्के असल्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही.

पहिलं काम त्यांनी केलं ते भिंतीवर दोरी बांधण्याचं. दोरीला कपड्याचे चिमटे आणि चिमट्यांना खाकी पाकिटं. दिवाळी ते होळी एकोणीस हप्ते, म्हणजे आठवडे, म्हणून एकोणीस पाकिटं. कोण्या गावानं नवव्या हप्त्यातल्या नाटकाचा बयाना दिला की पैसे बँकेत जायचे आणि त्याची चिठ्ठी नवव्या पाकिटात. त्या हप्त्यातलं नाटक झाल्याशिवाय त्या पैशाला हात लावायचा नाही. त्याच पाकिटावर त्या हप्त्यात काय काय जाणार तेही लिहिलेलं असायचं: नाईट, डिझेल, जेवण, लाइटवाला. होणार ते पेन्सिलीनं, झालं ते पेनानं. दर शनिवारी दुपारी बाई पेन्सिलीच्या आकड्याशेजारी पेनाचा आकडा मांडायच्या आणि फरक मोठ्यानं वाचायच्या. आकडा चुकला म्हणून त्या कधी रागावल्या नाहीत. का चुकला ते कोणाला सांगता आलं नाही की मात्र खैर नसायची. डिझेल जास्त लागलं तर का लागलं? ड्रायव्हर वाट चुकला. कुठी चुकला? मूलच्या फाट्यावर. मग पुढच्या पाकिटावर 'मूल फाटा, डावीकडं' असं लिहिलं जायचं. या शनिवारांना मी नाव ठेवलं होतं 'शिमगा', कारण बोंब ठरलेली.

विसावं पाकीट टोकाला टांगलेलं होतं. त्यावर नुसतं 'पाऊस' लिहिलं होतं. प्रत्येक नाटकातून थोडे पैसे त्या नावानं बाजूला जायचे. वसंतभाऊंचा सगळा राग त्या पाकिटावर.

"जानेवारीत पाऊस येईन म्हनून कोनी पैसे ठेवते का, बाई?"

"नाई आला तं तुमचेच आहेत. होळीले घेऊन जा."

गावाचे लोक तारीख धरायला यायचे तेव्हा कोणतं नाटक हवं, नटी कोण, याची चर्चा वसंतभाऊ करायचे. बाई एकच विचारायच्या, "तुमच्याकडं धान हलका का भारी?" पहिल्या वर्षी मंडळी बुचकळ्यात पडली. नाटकाचा आणि धानाचा काय संबंध? मी तर तोंडावर हसलो. पण संबंध होता. हलका धान लवकर कापणीला येतो, दिवाळीच्या आसपास विकला जातो; भारी धानाच्या गावात पैसा खेळायला जानेवारी उजाडतो. हलक्या धानाच्या गावांकडून बाई बयाना जास्त घ्यायच्या आणि नाटक लवकरचं द्यायच्या. भारी धानाच्या गावांना म्हणायच्या, बयाना थोडा द्या, पण तारीख संक्रांतीनंतरची घ्या. त्याआधी वर्षानुवर्षं आम्ही डिसेंबरात भारी धानाच्या गावात नाटकं करत होतो आणि 'धान विकल्यावर देतो' हे ऐकून रिकाम्या हातानं परतत होतो. इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती, आणि आम्ही सगळे धानाच्याच घरातले.

हे सगळं कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं, पतसंस्थेतलं काही सांगतील.

"माहे मायबाप दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबाचे," त्या म्हणाल्या. "वर्साची मजुरी धानात भेटे, एकाच वेळी. माय तो धान ढोलीत भरे अन् ढोलीले आतून चुन्याच्या रेघा मारे. ही रेघ होळीची, ही रोवन्याची, ही पोळ्याची. होळीच्या आधी धान होळीच्या रेघेखाली गेला की आमाले एक टाइम पेज. शाळा शिकली नव्हती माय. पन आमी कवा उपाशी नाई झोपलो. बाबासाहेबायनं शिका म्हटलं म्हनून मी शिकलो, कॅशियर झालो. पन हिशेब मायनंच शिकवला."

एवढं बोलून त्या पुन्हा पाकिटांकडे वळल्या. मी त्या दिवसापासून शनिवारी तोंड वाकडं करणं सोडलं.

वसंतभाऊ मात्र सहजासहजी सुधारणारे नव्हते. एका कंपनीनं मागच्या पडद्याऐवजी एलईडीचा मोठा पडदा लावला. त्यात समुद्र हलायचा. वैनगंगेपलीकडे कधी न गेलेली माणसं तो समुद्र पाहायला कोस-कोस चालत यायची. वसंतभाऊंची झोप उडाली. नागपूरचा दुकानदार हप्त्यावर द्यायला तयार होता.

"हप्ता किती महिने?" बाईंनी विचारलं.

"बाराही महिने."

"अन् नाटक?"

"पाच."

"मंग उरलेले सात महिने तुमचा समुद्र काय खाईन?"

पण वसंतभाऊ ऐकेनात. तेव्हा बाई म्हणाल्या, "ठीक आहे, घ्या. पन आधी चार महिने मले हप्ता द्या, पावसाळ्यात. मीच दुकानदार आहो समजा." जूनचा हप्ता वसंतभाऊंनी ऐटीत दिला. जुलैचा कुरकुरत दिला. ऑगस्टचा द्यायला त्यांना दोन जुने स्पीकर विकावे लागले. सप्टेंबरात त्यांनी निरोप पाठवला की भाऊ गावाला गेले आहेत. भाऊ मागच्या खोलीत बसले होते. बाई मागच्या दारानं गेल्या आणि कडी वाजवली.

"दुकानदार आला आहे, भाऊ."

वसंतभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाईंनी तिन्ही महिन्यांचे पैसे जसेच्या तसे त्यांच्या हातात दिले. त्या वर्षी आम्ही समुद्र भाड्यानं आणला, फक्त मोठ्या मंडईच्या बारा नाटकांना. बाकी गावांत आमचं रंगवलेलं जंगलच राहिलं आणि कोणाची तक्रार आली नाही.

मग तिसरा सीझन आला, आणि भर जानेवारीत पाऊस.

असा-तसा नाही. दहा दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळलं. खरेदी केंद्रांवर धानाची पोती भिजली, मंडप चिखलात बसले, आमची नऊ नाटकं एकामागून एक गेली. आमच्या धंद्यात अशा वेळी काय होतं ते सांगतो. नाटक नाही तर नाईट नाही. नाईट नाही म्हणून कलावंत घरी जातात किंवा नागपूरच्या ऑर्केस्ट्रात शिरतात. एकदा नायिका गेली की पुढच्या तारखाही मेल्या. मग गावं बयाना परत मागतात, तो कधीच खर्च झालेला असतो, आणि कंपनीला कुलूप लागतं. दोन कंपन्या त्या आठवड्यात अशाच बसल्या. आमची नायिका बॅग भरून ऑफिसात आली होती. वसंतभाऊ खुर्चीत कोसळून म्हणाले, "संपलं."

बाईंनी टोकाचं पाकीट खाली काढलं.

"सगळ्यायले बोलवा," त्या म्हणाल्या. "जेवढे दिवस पावसानं बसून आहेत, तेवढ्या दिवसाची अर्धी नाईट प्रत्येकाले भेटन. आज."

बसल्याचे पैसे! झाडीपट्टीत असलं काही आम्ही ऐकलंसुद्धा नव्हतं. आमचा म्हातारा विनोदी नट दादाजी मला कोपरानं ढोसून म्हणाला, "गंमत करून राह्यली का बाई?" गंमत नव्हती. नायिकेनं पैसे घेतले, बॅग भिंतीला लावून ठेवली आणि विचारलं, चहा कोण सांगतंय? माझ्या हातात माझे पैसे आले तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. सर्वांत जास्त टिंगल मीच केली होती त्या पाकिटाची.

दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा आली. नदीकाठच्या एका गावचे तिघं जण ऑफिसात घुसले, चिखलानं पोटऱ्यांपर्यंत माखलेले. कंपन्या बुडून राहिल्यात हे त्यांच्या कानावर गेलं होतं. अध्यक्ष मिशीवाला, आवाज मोठा. "आमचा बयाना काढा! आत्ताच्या आत्ता!"

वसंतभाऊ सवयीनं मागच्या खोलीत गेले. बाईंनी गावाचं नाव विचारलं, बाराव्या चिमट्याचं पाकीट काढलं, चिठ्ठी वाचली. असे लोक येणार हे ओळखून त्यांनी सकाळीच बँकेतून पैसे आणून ठेवले होते. त्यांनी नोटा मोजल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"घ्या. मोजून घ्या. नाई तं ऊन पडल्यावरची तारीख घ्या. तुमाले जे पटन ते."

अध्यक्षाचा हात पुढे आलाच नाही. भांडायच्या तयारीनं आलेल्या माणसाला कोणी पाट मांडून बसवावं तसं त्याचं झालं. तो नोटांकडे बघत राहिला.

"बाई, हे आमचेच पैसे?"

"तुमचेच. नाटक झालं नाई तं आमचे कसे होतीन?"

"दिवाळीपासून असेच ठेवले?"

"मंग कसे ठेवाचे?"

त्यानं सोबतच्या दोघांकडे पाहिलं. मग आवाज खाली आला. "राहू द्या, बाई. तारीख द्या."

मागच्या खोलीचं दार किलकिलं झालं होतं. वसंतभाऊ तिथे उभे होते आणि त्यांचे डोळे भरले होते. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट फोनवरून पंचक्रोशीत गेली. आरमोरीच्या त्या कंपनीत बयाना शाबूत आहे, हे ज्यानं ऐकलं त्यानं दोनदा विचारलं. एकाही गावानं पैसे परत नेले नाहीत. बसलेल्या दोन कंपन्यांची गावंसुद्धा आमच्याकडे वळली. ऊन पडल्यापासून होळीपर्यंत आम्हाला एक दिवस सुट्टी मिळाली नाही. माझी बोटं सुजली, नायकाचा घसा बसला, रक्ताचा रंग संपला आणि पुन्हा आणावा लागला. इतकं देखणं दमणं मी पुन्हा अनुभवलं नाही.

पण बाईंची आणि वसंतभाऊंची सर्वांत मोठी लढाई व्हायची होती, ती सीझनच्या शेवटी. आमच्यात एक जुनी रीत होती. शेवटची नाईट मालक देत नसे. ती पुढच्या दसऱ्याला मिळायची. कलावंत पळून जाऊ नये म्हणून ते दावं.

"पेन्सिलीनं लिहिलं आहे, पेनानं लिहाचं आहे," बाई म्हणाल्या. "शेवटची नाईट देऊन टाका."

"बाई, बाकी सगळं ऐकलं तुमचं. हे नाई. दावं सोडलं तं पाखरं उडतीन. दुसऱ्या कंपन्या टपून आहेत."

"बांधून ठेवलेला बैल पटात पळते का, भाऊ?"

वसंतभाऊ शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, शौकीन; द्या मंग, असं पुटपुटत ते उठून गेले. शेवटच्या गावी, भर दुपारी, शाळेच्या मैदानावर रंगमंच सोडणं चाललं असताना बाई एका खोक्यावर बसल्या आणि एकेकाचं नाव घेऊन पैसे देत गेल्या. दादाजी पन्नाशीच्या वर सीझन केलेला माणूस. त्यानं पैसे दोनदा मोजले आणि बाईंच्या पाया पडायला वाकला. बाई त्याच्याहून कितीतरी लहान. "काऊन लाजवता, बाबा? तुमचेच आहेत," म्हणून त्यांनी त्याला दटावलं. वसंतभाऊ ट्रककडे तोंड करून उभे होते.

तो उन्हाळा आणि पावसाळा त्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. दुसऱ्या कंपन्यांचे फोन आम्हा सगळ्यांना येत होते, मलाही आले. दसऱ्याला कंपनीत नारळ फुटतो आणि त्या वेळी जो हजर तो त्या सीझनचा कलावंत. त्या सकाळी मी लवकर गेलो तेव्हा बाई दोरीला नवी पाकिटं लावत होत्या आणि वसंतभाऊ नारळ हातात घेऊन रस्त्याकडे बघत होते. नऊ वाजले. दहा वाजले. आम्ही तिघंच.

"बाई," वसंतभाऊ हळूच म्हणाले, "मी म्हटलं होतं."

"गाडी उशिरा आहे आज," बाई म्हणाल्या. पण मी पाहिलं, एक चिमटा त्यांच्या हातून दोनदा निसटला.

साडेदहाला गडचिरोलीकडची एसटी थांबली. आधी नायिका उतरली, तिच्या मागे नायक, मग प्रकाश, मग दादाजीला हाताला धरून लाइटवाला. ब्रह्मपुरीकडच्या गाडीनं बाकीचे आले. एकही गळला नव्हता. आणि त्यांच्या मागे दबकत दबकत दुसऱ्या कंपनीचा एक गायक, दोन नर्तकी आणि एक तबलजी. "जागा आहे का, भाऊ?" पायरीवर चपलांना जागा उरली नाही. वसंतभाऊंनी डोकी मोजली, पुन्हा मोजली आणि लहान पोरासारखे ओरडले, "बाई! सगळे आले! वरून चार जास्त आले!"

"दिसून राह्यलं," बाई म्हणाल्या. "नारळ फोडा. लोक उभे आहेत."

नारळ एका फटक्यात फुटला. वसंतभाऊ उघड उघड रडत होते, मीही रडलो, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही. माझी कंपनी उभी होती, दाव्याशिवाय उभी होती. बाईंनी चष्मा काढून पुसला.

त्या होळीला बाई म्हणाल्या, "आता तुमाले येते. मी जातो." शनिवारची वही आता वसंतभाऊ स्वतः वाचतात, आणि बाईंपेक्षा जास्त कटकट करतात.

मध्ये आलापल्लीकडे आमचं नाटक होतं. बाजाराचा दिवस, भर दुपार. मी नारळपाणी पीत उभा होतो, तेवढ्यात समोरून रामटेकेबाई चालल्या होत्या, काखेत फाइल, पावलं भराभर. मागे बांबूच्या टोपल्या-सुपं करणाऱ्या गटाच्या सात-आठ बाया, जवळजवळ धावत.

"ओ बाई!" मी ओरडलो.

त्यांनी वळून पाहिलं, ओळखलं आणि चालता चालताच हात वर केला.

"थांबाले टाइम नाई, ऑर्गनवाले भाऊ! बँकेचा साहेब गटाले कर्ज द्याले आमच्या गोदामात येऊन बसला आहे. कवापासून वाट पाहून राह्यला!"

मागच्या बाया खळखळून हसल्या, आणि सगळ्या मिळून गर्दीत शिरल्या.